ओळख न दाखवणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टर वेणू साठे गेल्या तेव्हा आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली नाही. घेता आली नाही, असं चिटणीस म्हणतात. कार्यकारिणीत त्यांनी रीतसर विचारलं होतं, "बाईंविषयी दोन शब्द कोण बोलेल?" खोली भरलेली होती. सगळ्यांनी सतरंजीकडे पाहिलं. त्यांतल्या निदान तिघीचौघींना मी बाईंच्या खोलीकडे जाणाऱ्या बेहालाच्या ट्राममध्ये पदर कपाळापर्यंत ओढून बसलेलं पाहिलेलं आहे. पण "मी त्यांना ओळखत होते" असं म्हणणं म्हणजे "मी त्यांच्याकडे जात होते" असं म्हणणं. तेवढी छाती कलकत्त्याच्या मराठी समाजात नाही. पुढचा विषय गणपतीच्या मांडवाचा होता. त्यावर मात्र सगळे बोलले, एकदम बोलले.

म्हणून हे लिहिते आहे. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकाचं बरं असतं, शेवटी एक मागणी करायची आणि खाली सह्या. इथे मागणी कुणाकडे करायची ते मला अजून कळलेलं नाही.

वेणूताई रस्त्यात कुणाला ओळख दाखवत नसत. हे त्यांच्याविषयी सगळ्यांना ठाऊक होतं आणि बहुतेकांना एवढंच ठाऊक होतं. तुम्ही समोरून या, नमस्कार करा. त्या तुमच्या कानाच्या बाजूने पलीकडचं काहीतरी पाहत निघून जात. बायका म्हणायच्या, "शिष्ट मेली. विलायतेलासुद्धा गेलेली नाही, तरी एवढा ताठा!" ताठा नव्हता. कलकत्त्यात मराठी घरं ती किती? सगळी एकमेकांच्या डब्यात काय आहे ते ओळखणारी. त्यात मनाचा इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एखादीकडे पाहून नुसतं हसावं, की संध्याकाळपर्यंत भवानीपुरात कळणार, अमकीच्या डोक्यात बिघाड आहे. आणि पेशंटांना ओळख दाखवायची नाही, बाकीच्यांना दाखवायची, असं केलं तर जिला दाखवली नाही ती उघडी पडणार. म्हणून त्यांनी कुणालाच ओळख दाखवायची नाही असं ठरवून टाकलं. हळदीकुंकू बंद, लग्नमुंजी बंद, गणपतीची आरती बंद. एवढं सगळं सोडून दिल्यावर माणसाकडे काय उरतं ते त्यांना कुणी विचारलं नाही.

उरला होता फुटबॉल. आठवडाभर दुसऱ्यांचं ऐकून घेणारी ही बाई शनिवारी मैदानावर जायची. तिकीट काढून नाही, किल्ल्याच्या बाजूला जो उंचवटा आहे तिथे उभं राहून, फुकट्या गर्दीत. कारखान्याची पोरं, ट्रामचे कंडक्टर, आणि मधोमध पांढरं पातळ नेसलेल्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या वेणूताई. मी तिथे पत्रकं वाटायला गेले होते तेव्हा प्रथम त्यांचा आवाज ऐकला. "ओरे गाधा, पास दे ना, पास दे!" अख्ख्या उतारावर ऐकू गेलं. शेजारचा कंडक्टर म्हणाला, "डाक्तारदी, तुम्हीच उतरा आता मैदानात." त्या म्हणाल्या, "उतरले असते रे, पण मग तुला शिव्या कोण शिकवेल?" मी समोर गेले. त्यांनी माझ्या कानाच्या बाजूने गोलपोस्टकडे पाहिलं.

त्यांची खोली बेहालाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून थोडी आत, एका शिंपिणीच्या दुकानामागे. शिंपीण पूर्व बंगालातून फाळणीनंतर आलेली. खोलीची निवड मुद्दाम होती. घरी सांगून यायला निमित्त लागतं. ब्लाउज शिवायला टाकायचाय म्हटलं की सासूही अडवत नाही. फक्त मग ब्लाउज खरोखर शिवावा लागे. त्यामुळे वेणूताईंचा इलाज लांबला की बाईच्या ट्रंकेत ब्लाउजांची रास लागायची.

तिथे मी पहिल्यांदा गेले ती सहीसाठी. घटस्फोटाचा कायदा तेव्हा दिल्लीत अडकून पडला होता आणि आम्ही गल्लोगल्ली सह्या गोळा करत होतो. त्यांनी पत्रक नाकाजवळ धरून सगळं वाचलं. खोलीतल्या टेबलावर टोकदार पेन्सिलींचा गठ्ठा होता. त्या पेन्सिलीने काही लिहीत नसत, पेशंटांविषयी तर एक अक्षर नाही. नुसतं टोक काढत बसायची सवय.

"यात म्हटलंय, 'स्त्री शतकानुशतके मुकी राहिली आहे.' कोण ही?"

"कोण म्हणजे? स्त्री!"

"राहते कुठे?"

"हे काय विचारणं झालं?"

"माझ्याकडे येतात त्या कुठेतरी राहतात. कुणी टालीगंजला, कुणी तुमच्या भवानीपूरला. ही कुठे राहते, पत्रकबाई?"

मी चिडले. म्हटलं, "थट्टा पुरे. सही करणार की नाही?"

"नाही. सही केली की दारावर तुमचा झेंडा लागला. उद्या सासू म्हणेल, त्या झेंडेवालीकडे ब्लाउज शिवायचा नाही."

मला अजूनही वाटतं, त्यांनी सही करायला हवी होती. शहाण्या माणसांनी सह्या केल्या नाहीत की आमच्यासारख्यांना घसा फोडावा लागतो. पण तेव्हापासून त्या मला पत्रकबाई म्हणत, खोलीत. रस्त्यात काहीच म्हणत नसत.

आता विमलवहिनींविषयी सांगायला हवं. नाव मी बदललं आहे. बाकी सगळं त्यांनी स्वतः मला सांगितलं आणि लिही म्हणाल्या. पेशंटने खोलीत सांगितलेलं एक अक्षरही वेणूताईंच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

विमलवहिनी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. यजमान दामले, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी, बदलीवर आलेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला. आदल्या आठवड्यात वहिनी त्याला घेऊन कुणाकडे तरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, तिथल्या एका मुलाला ताप होता. दामले यावरून बायकोला कधी काही बोलले नाहीत. म्हणजे अक्षरशः. त्या दिवसापासून ते तिच्याशी कधी काही बोलले नाहीत. पाचवं वर्ष चालू होतं. जेवताना ते ताटाला सांगत, "आमटी हवी." निघताना दाराला सांगत, "उशीर होईल." ताट बोलत नाही, म्हणून आमटी वहिनी वाढत.

एका भर दुपारी आईने मला गच्चीवर पाठवलं, वाळवण काढायला. वहिनी कठड्याला अगदी लागून उभ्या होत्या, खाली वाकून. मी दंड धरून मागे ओढलं. त्या घाबरल्या नव्हत्या. म्हणाल्या, "खाली माणसं जातायत ना, त्यांतलं कुणी वर बघतंय का ते पाहत होते. मी आहे का गं, कुसुम?"

मी आधी गेले मंडळाच्या अध्यक्षांकडे, नानासाहेबांकडे. चूक नव्हे ती, मंडळ असतं कशाला? ओसरीवर चारपाच मंडळी बसली होती. नानासाहेबांनी सुपारी कातरत उलटतपासणी घेतली.

"मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"पगार घरी आणतो?"

"हो, पण—"

"मग तक्रार काय, की बोलत नाही? अगं कुसुम, आमच्याकडे उलट तक्रार आहे! आमची ही एक दिवस अबोला धरील तर मी सत्यनारायण घालीन."

सगळे हसले. आतून त्यांची ही पण हसली. मी त्या हसण्यावर पत्रक काढणार होते. पण काय लिहिणार? ज्या कायद्यासाठी आम्ही उन्हातान्हात हिंडत होतो, त्याच्या मसुद्यात मारणं होतं, टाकून देणं होतं. त्याच घरात राहून, तिच्याच हातचं जेवून माणसाला पुसून टाकणं त्यात कुठेच नव्हतं. म्हणून मी वहिनींना बेहालाला नेलं.

वेणूताईंची पद्धत अशी होती, किंवा त्यांच्या गुरूंनी त्यांना ती तशी शिकवली होती: पेशंटने तख्तपोशावर, म्हणजे लाकडी पलंगावर, पडायचं, डॉक्टरने उशामागे, दिसणार नाही अशा खुर्चीवर बसायचं. मनात येईल ते पेशंटने बोलायचं. डॉक्टरने मध्ये पडायचं नाही. पेशंट गप्प, तर डॉक्टरही गप्प. शांततेतून माणूस आपोआप बोलता होतो. फार तर "बरं. मग?" इतकंच. पुष्कळ बायकांना हे मानवलं असलं पाहिजे, कारण घरी त्यांना एक वाक्य पुरं करू देत नसत. इथे पहिल्यांदा कुणी मध्ये तोंड घालत नव्हतं.

विमलवहिनी त्या तख्तपोशावर पडल्या आणि छताकडे पाहत राहिल्या. मागून आवाज नाही. त्या म्हणाल्या, "माझं काही चुकलं का?" आवाज नाही. पुढच्या खेपेला त्या उठून बसल्या, चादरीच्या सुरकुत्या काढल्या, टेबलावरचे कप विसळून ठेवले आणि पुन्हा पडल्या. मागून फक्त पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज. मला त्या म्हणाल्या, "घरीही हेच आहे गं. घरी निदान पोळ्या तरी लाटायच्या असतात."

मी म्हटलं, "त्यांना सांगा की तसं."

"कसं सांगू? त्या डॉक्टर आहेत. त्यांना कळतच असेल."

त्यांना कळत नव्हतं. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण गेलेल्या माणसाविषयी गोडगोड लिहायची आपल्याकडे खोड आहे. अबोल्याने मोडलेल्या बाईला वेणूताईंनी अबोल्याचंच औषध चालवलं. पुस्तकात अबोला नसणार. पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे नवऱ्याला राग आला तर तो ओरडत असेल, नाहीतर घर सोडून जात असेल. शेजारी पाट मांडून पाच वर्षं न बोलण्याची कला आपली. वेणूताई आपल्यातल्याच, साताऱ्याकडच्या. त्यांना हे आठवायला हवं होतं.

मग एस्प्लनेडचं झालं. मी ट्रामच्या थांब्यांपाशी पत्रकं वाटत होते, वहिनी लोकर घ्यायला म्हणून माझ्याबरोबर आल्या होत्या. समोरून वेणूताई आल्या, काखेत छत्री. वहिनींचा चेहरा फुलला. घराबाहेर आपल्याला ओळखणारं असं एक माणूस त्यांना अनेक दिवसांनी दिसलं होतं. "डॉक्टरीणबाई!" म्हणत त्या दोन पावलं पुढे झाल्या, हातातली लोकर दाखवत. वेणूताईंनी त्यांच्या कानाच्या बाजूने ट्रामची पाटी वाचली आणि चढून गेल्या.

वहिनी बराच वेळ त्या रुळांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्यासुद्धा." त्या दिवसापासून त्यांनी बेहालाला जायचं सोडलं. जेवण टाकलं. आईने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलेना.

मी बेहालाला गेले आणि वेणूताईंना वाटेल ते बोलले. म्हटलं, तुमचा नियम मोठा की माणूस? म्हटलं, दामल्यांत आणि तुमच्यात फरक काय, ते फी घेत नाहीत एवढाच!

"मी कुठल्याही पेशंटविषयी बोलत नाही," वेणूताई म्हणाल्या.

"नका बोलू. मी बोलते आहे ना! ती बाई मागे वळून बघायची, तुम्ही आहात की नाही म्हणून. घरी नवरा पाच वर्षं बोललेला नाही. तुम्ही उशाशी बसून बोलला नाहीत आणि रस्त्यातही बोलला नाहीत. आता तिने जावं कुठे?"

त्यांच्या हातातली पेन्सिल फिरायची थांबली. "पाच वर्षं," त्या म्हणाल्या. बहुधा वहिनींनी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. कोणाला सांगणार, पाठीमागच्या भिंतीला? पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तू जा आता." मला वाटलं, हाकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या बायका गॅलरीत वेणीफणी करत बसलेल्या, तेव्हा डॉक्टर वेणू साठे आमच्या इमारतीच्या चौकात येऊन उभ्या राहिल्या. मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "विमलबाई दामले कुठल्या मजल्यावर?" फण्या हवेत थांबल्या. त्या जिना चढल्या. वहिनींनी दार उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आई आणि मी खालच्या पायऱ्यांवर होतो.

"विमलबाई, माझं चुकलं," वेणूताई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "मी मागे बसले, ते चुकलं. परवा बोलले नाही, तेही चुकलं. इतरांना जे सोसवतं ते तुम्हाला विष होतं, ते मी विचारलं नाही."

मला वाटलं, आता वहिनी रडतील, पाया पडतील. त्यांनी दाराची चौकट धरली आणि त्यांचा आवाज चढला.

"मग आत्ता कशाला आलात? मी लोकर दाखवत होते! निळी घेऊ की करडी एवढंच विचारायचं होतं. तुम्हाला एक मान हलवायला काय जात होतं? तुम्ही डॉक्टर आहात ना? मी तुमचे कप विसळले!"

"विसळलेत."

"मग बोलायचं नाहीत का, की राहू द्या म्हणून?"

"बोलायला हवं होतं."

वहिनी बोलत राहिल्या. कप, लोकर, मग ताट, मग दार, मग मुलाचा ताप, मग मुलाचं नाव. ते नाव त्या घरात पाच वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. खालून बायका ऐकत होत्या, त्यांना घरात पाठवायचं भान कुणाला नव्हतं. वेणूताई उभ्या राहून सगळं ऐकून घेत होत्या आणि प्रत्येक वाक्याला उत्तर देत होत्या. बऱ्याच वेळाने वहिनी दमल्या, म्हणाल्या, "बसा तरी."

किंमत पडायची ती पडली. आठवड्याच्या आत सगळ्यांना कळलं, दामलेबाई वेड्यांच्या डॉक्टरणीकडे जाते. आणि बेहालाला जाणाऱ्या आमच्या समाजातल्या दुसऱ्या बायका घाबरल्या. आज तिच्या जिन्यावर आली, उद्या आपल्या येईल. एकेक करून यायच्या बंद झाल्या. शिंपीण मला म्हणाली, "मराठी ब्लाउज संपले." वेणूताईंना मी म्हटलं, पळपुट्या आहेत सगळ्या. तर मलाच झापलं. "पळपुट्या काय म्हणतेस? त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, तो मी चौकात मोडला. एकीसाठी मोडला म्हणून तो मोडला नाही असं होत नाही." विमलवहिनींना वाचवल्याचं समाधान त्यांनी कधी दाखवलं नाही.

वहिनींचा इलाज पुढे वर्षभर चालला. खुर्ची समोर आली. वेणूताई आधी बोलत, हवेविषयी, सामन्याविषयी. वहिनी एकदम बऱ्या झाल्या असं कुणी समजू नये. मध्येच आठ-आठ दिवस पुन्हा गप्प होत. पण एक दिवस दामले ताटाला म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला म्हणत असाल तर मला म्हणा." ते अळणी जेवून उठले.

मी म्हटलं, शाबास! आता सोडा त्या राक्षसाला. वेणूताई माझ्यावर वैतागल्या. "राक्षस म्हटलं की तुझं काम सोपं होतं. मुलगा त्याचाही गेला. त्यालाही कुणी काही विचारलं नाही, पत्रकबाई." मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आजही म्हणते: त्याला बोलायची मोकळीक होती, तिला नव्हती. दुःख सारखं असेल, अधिकार सारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "तेही खरं," आणि दोन्ही खरं ठेवून गप्प बसल्या. ही त्यांची खोड मला कधीच पटली नाही.

मग दामल्यांची नागपूरला बदली झाली. वहिनी जाणार की नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. वेणूताईंना सांगितलं असेल तर ते कळायचा मार्ग नव्हता. सामान बांधलं गेलं, वहिनींची ट्रंकही. हावड्याला मंडळी पोचवायला आली, नानासाहेब हार घेऊन. सामान चढलं, दामले खिडकीपाशी बसले. वहिनी फलाटावर उभ्या होत्या. वेणूताई फलाटाच्या टोकाशी, हमालांच्या घोळक्यात. वहिनींनी त्यांना बोलावलं होतं.

शिटी झाली. दामले खिडकीच्या गजाला म्हणाले, "गाडी सुटते आहे. चढायला हवं."

"विमलताई, चला, चढा चढा!" नानासाहेब म्हणाले.

वहिनी खिडकीशी गेल्या. "हे कुणाला सांगताय? माझं नाव घ्या. एकदाच. मी चढते."

मी दामल्यांच्या अगदी समोर होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, खरोखर पाहिलं. त्यांचे ओठ उघडले. मला त्या माणसाची दया करायची नाही, पण जे दिसलं ते लिहिते: त्यांच्या गळ्यात काहीतरी हललं आणि बाहेर आलं नाही. गाडी चालू लागली. वहिनी खिडकीबरोबर चार पावलं चालल्या, आणि थांबल्या. त्यांची ट्रंक नागपूरला गेली.

नानासाहेब मला म्हणाले, "हे तुझे उद्योग." मी उत्तर देणार होते, तोंड उघडलंही होतं, पण वेणूताई मध्ये आल्या. चेहरा पांढरा पडलेला, चष्मा पुसत होत्या. माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "याचं पत्रक करू नकोस. निदान आज नको. आज तिला जेवायला घालायचंय, बस्." मग त्या वहिनींकडे गेल्या. आलिंगन वगैरे काही नाही. फलाटावर पडलेली पिशवी उचलली.

मला त्याच संध्याकाळी आसनसोलला सभेला जायचं होतं. मी परतले तेव्हा वेणूताई इस्पितळात होत्या, कुणाला भेटू देत नव्हते. तिथेच त्या गेल्या. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, हावड्याच्या पुलावर. मी स्टेशनच्या जिन्यावरून पाहत होते. शेजारून ट्रामा खडखडत चालल्या होत्या, बैलगाड्या, हातगाड्या, माणसांचा लोंढा. त्यातून त्या दोघी पायवाटेने शहराकडे चालल्या होत्या. विमलवहिनी हातवारे करून काहीतरी तावातावाने सांगत होत्या, थांबतच नव्हत्या. आणि वेणूताई, काखेत पिशवी दाबून, त्या गोंगाटात एकही शब्द सुटू नये म्हणून पार वाकून, जवळजवळ वाकड्या होऊन चालत होत्या.